मदत हवी आहे: ‘लोभ’ आणि ‘कृपण’ यांचे अर्थ कसे बदलले?

‘लुभ्’ या संस्कृत धातूपासून आलेला ‘लोभ’ षड्रिपूंमध्ये मोजला जातो, आणि तरीही पत्राच्या शेवटी आपण ‘लोभ असावा, ही विनंती’ असे निःसंकोच लिहितो. माया या अर्थाने हा शब्द मराठीत केव्हा रुळला, हे मला जाणून घ्यायचे आहे. ‘कृपण’ तर त्याहून विलक्षण वाटतो, कारण संस्कृतात तो आधी दीन, कीव करण्याजोग्या माणसासाठी वापरला जाई आणि पुढे पैसा असूनही खर्च न करणाऱ्याला चिकटला. (अरबीतून आलेली ‘दौलत’ही जुन्या कागदपत्रांत राज्य या अर्थाने भेटते.) जुन्या पत्रांतील किंवा बखरींतील प्रत्यक्ष वाक्ये, शक्यतो सालासह, कुणाकडे असल्यास कृपया द्यावीत, नुसत्या कोशातील अर्थापेक्षा ती मला अधिक उपयोगी पडतील.