कानाचं मशीन : एक की दोन? (घाई आहे)

सातारकर_बाहेरगावी
आईला कानाचं मशीन घ्यायचंय. दुकानवाला म्हणतो दोन्ही कानांना घ्या, आई म्हणते एकच पुरे. जोडीचे सव्वा लाख सांगतोय आणि सवलत शनिवारपर्यंतच आहे. एका मशीनवर रोजचं भागतं का? कंपन्यांवरून वाद नको, फक्त एक की दोन तेवढं सांगा.

निवृत्त_मास्तर
एकच पुरे. आमचे वडील शेवटपर्यंत एकावरच होते. खिशात डबी, कानाला वायर. सगळ्या बातम्या ऐकायचे. दुकानदार दोन का म्हणतो हे वेगळं सांगायला नको.

उडती_पाकोळी
मास्तर, डबीचा जमाना गेला हो. @सातारकर, वय काय? ऑडिओग्राम, म्हणजे श्रवणचाचणीचा आलेख, काढलाय का? दोन्ही कान सारखेच गेलेत का? नुसतं 'एक की दोन' विचारलंत तर आम्ही छापा-काटा करून सांगायचं का?

सातारकर_बाहेरगावी
वय ७३. ऑडिओग्राम आहे, पण त्यावर नुसत्या रेघा. खाली उजवा ४८ डेसिबल, डावा ५७ लिहिलंय, पुढे सेन्सरीन्यूरल, म्हणजे नसेचं म्हणे. आता सांगा.

कर्णपिशाच्च
मी स्वतः दोन वापरतो, आधी एक वापरायचो, म्हणून बोलतो. घरात समोरासमोर, शांततेत एकावर भागतं. भानगड बाहेर पडल्यावर सुरू होते. उजव्याच कानात मशीन असेल तर डावीकडचा माणूस म्हणजे गेलाच. आपलंच डोकं मध्ये येतं. जाड आवाज वळसा घालून पोचतात, पण स, श, ट, फ असे बारीक आवाज अडतात. म्हणून 'आवाज येतो पण शब्द कळत नाही'.
दुसरं म्हणजे दिशा. कोणत्या कानाला आधी आणि मोठ्यानं आलं यावरून मेंदू दिशा ठरवतो. एका मशीनवर असताना मागून हॉर्न वाजला की मी चक्क उलट्या बाजूला सरकायचो.

आजीबाईचा_बटवा
मशीनच्या नादी का लागता? रात्री झोपताना कोमट तिळाचं तेल दोन-दोन थेंब. माझ्या आत्याचे कान उघडले.

उडती_पाकोळी
तुमच्या आत्याचा मळ निघाला असेल. नस कमकुवत झाली असेल तर तेलानं काय होणार? पडद्याला भोक असेल तर भलतंच होईल. आणि मशीन घातल्यावर तेल त्याच्या स्पीकरात गेलं की दुरुस्तीचं बिल वेगळं.

आजीबाईचा_बटवा
आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या घालतात. कोणी बहिरं नाही.

सरकारी_बाबू
दिव्यांग प्रमाणपत्र काढा. चाळीस टक्क्यांच्या वर असेल तर केंद्राच्या योजनेतून मशीन मिळू शकतं, उत्पन्नाची अट आहे. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला कर्णबधिरांसाठीची अली यावर जंग संस्था आहे, तिथे चौकशी करा.

कर्णपिशाच्च
बाबूसाहेब, ते प्रमाणपत्र विचारत नाहीयेत. शिवाय २०१६च्या कायद्यात 'ऐकू कमी येणारी व्यक्ती' म्हणजे दोन्ही कानांना ६० ते ७० डेसिबल. यांच्या आई त्यात बसत नाहीत. डेसिबल म्हणजे ऐकू यायला आवाज किती मोठा लागतो ते, टक्के म्हणजे प्रमाणपत्रावरचं अपंगत्व; दोन्ही एक नव्हेत, हा घोळ सगळेच घालतात.

श्रवणविद्या
मी ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे ऐकण्याची तपासणी करून मशीन बसवणारी. दोन प्रश्न. शब्द ओळखण्याची चाचणी झाली का, प्रत्येक कानाचे किती टक्के आले? आणि आईंनी आधी कधी मशीन वापरलंय का?

सातारकर_बाहेरगावी
उजवा ८०%, डावा ५२%. आणि हो, उजव्या कानात मशीन आहे ना, चार वर्षं झाली. ते हल्ली शिट्टी मारतं म्हणूनच तर नवीन घ्यायचंय.

उडती_पाकोळी
अहो!! हे आत्ता सांगताय?

श्रवणविद्या
मग प्रश्नच बदलला. शिट्टी म्हणजे मशीन गेलं असं नाही. बहुतेकदा कानात मळ असतो, किंवा मोल्ड (कानाच्या मापाचा साचा) सैल झालेला असतो, आणि आवाज बाहेर निसटून पुन्हा माईकमध्ये शिरतो. आधी कान तपासून घ्या, साफसफाई करा. कदाचित नवा मोल्ड घालून जुनंच चालेल.
आता डावा कान. डेसिबलमध्ये फरक थोडा, पण शब्दांत ८० आणि ५२ म्हणजे मोठी तफावत. ज्या कानाला मशीन नसतं त्याची शब्द पकडण्याची ताकद काही जणांत हळूहळू उतरते. आईंच्या बाबतीत तेच असेल असं मी इथून म्हणणार नाही. दोन कानांत एवढा फरक असताना ईएनटी (कान-नाक-घसा) डॉक्टरांनी एकदा बघणं गरजेचं आहे, विशेषतः डाव्या कानात गुणगुण किंवा चक्कर असेल तर.

निवृत्त_मास्तर
म्हणजे फिरून फिरून दोनच!

श्रवणविद्या
नाही मास्तर. दोन्ही कान गेले असतील तर मी दोनापासूनच सुरुवात करते, पण काही वयस्कर लोकांना गोंगाटात दोन कानांचा ताळमेळ बसत नाही, एकच बरं पडतं. ते कागदावर कळत नाही. ट्रायल मागा. आणि ती दुकानाच्या शांत खोलीत नको. कुकर चालू आहे, नातवंडं ओरडताहेत, टीव्हीवर मालिका लागलीय, तिथे आधी एक आणि मग दोन लावून बघा. सुरुवातीला स्वतःचा आवाज माठात बोलल्यासारखा घुमेल, तेवढ्यावरून नको म्हणू नका.

सातारकर_बाहेरगावी
मी हिंजवडीत, आई साताऱ्यात एकटी. कुकर आहे, नातवंडं नाहीत. भजनी मंडळ आहे, तिथे पेटीच्या आवाजात काही कळत नाही म्हणते. जुनं उजव्याला ठेवून डाव्याला एकच नवीन घेतलं तर? पैसे निम्मे.

कर्णपिशाच्च
करता येतं, पण वेगळ्या मॉडेलची मशीनं एकमेकांशी बोलत नाहीत. आवाजाची जात वेगळी लागते. जोडी असेल तर एकाचा आवाज वाढवला की दुसऱ्याचाही वाढतो. आणि सेल! आईंची बोटं साथ देतात का? तपकिरी स्टिकरचा ३१२ नंबर फार बारीक, जमिनीवर पडला की शोधा. नारिंगीवाला १३ जरा बरा. चार्जिंगचं मिळालं तर उत्तम.

श्रवणविद्या
@सातारकर, एक राहिलं. चाचणीतले शब्द कोणत्या भाषेत होते?

सातारकर_बाहेरगावी
आत्ता फोन करून विचारलं. हिंदीत. म्हणते, "डावीकडून काहीतरी 'चश्मा, बस्ता' बोलत होता, मी आपली अंदाजानं सांगत होते."

श्रवणविद्या
मग शब्दांचे दोन्ही आकडे बाजूला ठेवा. मराठी शब्दांवर पुन्हा चाचणी करून घ्या. तोवर पैसे भरू नका, सवलत गेली तर गेली.

नवा_भिडू
धागा छान. माझ्या सासऱ्यांना परवा सकाळी उठल्यापासून उजव्या कानाने अजिबात ऐकू येत नाही. त्यांना एक घ्यावं की दोन?

श्रवणविद्या
मशीन राहू दे. आजच ईएनटीकडे न्या. अचानक गेलेल्या कानाला स्टेरॉइडचा उपचार जितक्या लवकर सुरू होईल तितकी आशा जास्त, दोन आठवडे उलटले की फारसं हाती राहत नाही. डॉक्टरांकडून आल्यावर इथे लिहा.