नवरा कोण, ते सोडा, गल्ली बघा

'रिप्लाय १९८८' ही कोरियन मालिका फार रेंगाळते आणि नायिका दोक-सनचा नवरा शेवटी कोण होतो हे उगाच शेवटपर्यंत ताणलंय, असं काही जण म्हणतात. दुसरं मान्य. हा ओळखा-पाहूचा खेळ आधीच्या 'रिप्लाय १९९७' आणि 'रिप्लाय १९९४' या मालिकांतही होता, इथे जरा अतीच झाला. पण त्या भानगडीत अडकलात तर सोलमधली ती सांगमुन-दोंगची गल्ली हातची जाते.

पहिलाच भाग घ्या. जेवायच्या वेळी प्रत्येक आई शेजारी काहीतरी पाठवते, आणि पोरं नुसती भांडी घेऊन या घरातून त्या घरात पळतायत. (भांडं रिकामं परत करायचं नाही, हे तिकडेही आहेच!) त्याच भागात दोक-सनचा स्फोट होतो. वाढदिवस दरवर्षी थोरल्या बहिणीच्या केकवर उरकलेला, तळलेली अंडीही तिला आणि धाकट्याला; हिला नाही. रात्री वडील वेगळा केक घेऊन येतात आणि चक्क माफी मागतात. घरातल्या मधल्यांनी हा प्रसंग एकट्यानेच बघावा, कुणी डोळ्यांकडे बघायला नको.

बाकी एकेक भाग दीड तासाच्या घरात जातो, ही तक्रार रास्त आहे. मी तरी दोन बैठकांत बघते.