थंड मुलखात आपली फुलझाडं : तुमचे अनुभव सांगा

फोंडा

माझी भाची इंग्लंडात स्विंडनला असते. तिथं गोंयकार इतके आहेत की चवथीला माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट, बांधायला हात कमी पडत नाहीत, सामान कमी पडतं. नारळ मिळतो, काकडी मिळते, रानातलं मात्र काही नाही. गेल्या चवथीला तिचा फोटो आला आणि माटोळीत चक्क कळलावीची फुलं! तिनंच कुंडीत वाढवलेली. तेव्हापासून आमच्याकडे एकच विषय चाललाय, तिकडच्या थंडीत आणखी काय काय जगेल?

म्हणून विचारते. परदेशात असो, बेळगावात असो, थंड ठिकाणी आपल्याकडची फुलझाडं ज्यांनी ठेवली आहेत त्यांनी लिहा. फुललीच पाहिजेत असं नाही. फक्त 'मस्त आली' एवढ्यावर थांबू नका. खिडकी कुठल्या दिशेची, रात्री किती अंश, पाणी कसलं, हे सांगा.

आधी तिची कळलावी, तिनं फोनवर सांगितली तशी. कंद तिथल्याच बल्बवाल्याकडून घेतले. हॉलंडमध्ये ही फुलं विक्रीसाठी पिकवतात, त्यामुळे कंद सहज मिळतात. कंद दोन फाट्यांचा, नांगराच्या फाळासारखा, आणि कोंब फक्त टोकाला येतो. हाताळताना टोक मोडलं की तो फाटा गेला. मार्चमध्ये खोल कुंडीत आडवा ठेवून वर चार बोटं माती. वीसच्या वर ऊब मिळेपर्यंत हलत नाही, मग एकदम धावतो. पानाचं टोकच तंतूसारखं वळून आधार पकडतं, म्हणून जाड खांब नको, बारीक काठ्या नाहीतर जाळी हवी. जूनमध्ये कुंडी बाहेर, भिंतीच्या कडेला उन्हात. जुलैअखेरीपासून फुलं. कळी हिरवी, मान खाली घातलेली. उमलताना सहाही पाकळ्या मागे वळून वर उभ्या राहतात, कडा नागमोडी, बुडाशी पिवळ्या आणि वर लाल. पानं पिवळी पडू लागली की पाणी बंद आणि कुंडी तशीच कोरडी पलंगाखाली, दहा अंशांच्या खाली जाऊ न देता.

एक सांगून ठेवते. अख्खं झाड विषारी, कंद सगळ्यात जास्त. त्यात कोल्चिसिन नावाचं विष असतं. रांगणारं मूल किंवा कुत्रा घरात असेल तर लावूच नका.

मळा, पणजी

आम्ही बरीच वर्षं लिस्बनला काढून परत आलो. लिस्बनला थंड म्हणायला जीभ वळत नाही, पण हिवाळ्यातल्या पावसाळी रात्री आठ-नऊ अंशांवर येतात आणि आपला पांढरा चाफा नेमका त्यानंच जातो. कोरडी थंडी तो सोसतो, ओली नाही.

आमची फांदी तिथल्याच शेजारणीनं दिलेली. चीक सुकून कापलेला भाग घट्ट होईपर्यंत, म्हणजे आठ-पंधरा दिवस, सावलीत आडवी टाकली आणि मग वाळू घातलेल्या मातीत लावली. ऑक्टोबरात पानं गळायला लागली की पाणी थांबवायचं. कमी नाही, बंद. लोकांना दया येते आणि ते अर्धा तांब्या घालतात, तिथंच घात. अधूनमधून फांदीचं टोक दाबून पाहायचं. कडक लागलं तर झाड झोपलंय, मऊ लागलं तर कुजायला लागलंय. मग पांढरं स्वच्छ लाकूड दिसेपर्यंत कापत खाली यायचं. माझी म्युनिकची मैत्रीण तर दर हिवाळ्यात चाफा कुंडीतून उपटते, माती झाडते, मुळं कागदात गुंडाळते आणि तळघरात उभा करते. एप्रिलमध्ये पुन्हा कुंडीत. मला ऐकून धस्स झालं होतं, पण दर उन्हाळ्याला फुलतो.

चाफा मुळात मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचा, आपल्या देवळांपुढे तोही बाहेरूनच आलेला. खरा आपला म्हणजे पारिजातक. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ताचा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला त्यातही तो आहे, रात्री फुलणारं उदास झाड म्हणून. पणजीच्या ज्या बागेत आपण संध्याकाळी बसतो ती याच ओर्ताच्या नावाची. पारिजातकाचं बी लिस्बनला रुजलं, उन्हाळाभर रोप वाढलं, पण हिवाळ्याची ओल त्याला झेपली नाही.

म्हापसा, सध्या डब्लिन

अबोली! आई नेहमी विचारते, म्हणून आधी तिलाच सांगितलं आणि आता इथं लिहितो.

अबोलीचं सुकलेलं बोंड पाहिलंय का कुणी नीट? गहूवर्णी, वाळलेलं, हाताला काहीच लागत नाही. त्यावर पाण्याचे थेंब टाका आणि थांबा. टच्च करून फुटतं आणि बी हातभर लांब उडतं. पहिल्या पावसात आपल्या परसात हेच होतं, म्हणून तर अबोली कुठंही उगवते. डब्लिनला मी बोंडं ओल्या कागदावर ठेवून वर चाळणी पालथी घातली होती, नाहीतर बिया फ्रिजमागे गेल्या असत्या.

बी रुजायला पंचवीस अंश लागतात, तेही सतत. इथं उन्हाळ्यातही ते मिळत नाही, म्हणून कुंडीखाली हीटमॅट. तरी उगवण रडतखडत. रोप धरल्यावर मात्र स्वयंपाकघरात बॉयलरच्या कपाटाजवळच्या खिडकीत बरं चाललंय. रात्री पंधराच्या खाली गेलं की पानांच्या कडा काळवंडतात.

पण खरं सांगायचं तर एका वेळी पाच-सहा फुलं. वळेसार दूरच, एका वेणीलाही पुरत नाहीत. केवळ शेंदरी रंग दिसावा म्हणून ज्याला झाड ठेवायचंय त्यानं ठेवावं.

डिचोली, सध्या टोरांटो

वरचं सगळं बरोबर आहे, पण सगळे थंडीबद्दलच बोलतायत. थंडीचा बंदोबस्त हीटर करतो. खरी अडचण उजेडाची. पणजीत डिसेंबरातला सगळ्यात लहान दिवस सव्वाअकरा तासांचा असतो. टोरांटोत नऊ तासही भरत नाहीत, स्विंडन-लंडनकडे तर आठाच्या आत. त्यातही सूर्य इतका खाली की दक्षिणेची खिडकी नसेल तर झाड सावलीतच. बाहेर काळोख आणि आत बावीस अंश ऊब, अशा खोलीत झाड लांब, फिकट, लुळी फूट काढत बसतं आणि त्यावर लाल कोळी ही बारीक कीड बसते. हीटरमुळे हवा कोरडी पडते, कोळ्याला तेच हवं असतं.

म्हणून माझं मत असं की जी झाडं काळोखाचे महिने झोपून काढतात तीच निवडा. कळलावी, चाफा, निशिगंध. निशिगंधाचे कंद तर हिम पडायच्या आत काढायचे, सुकवायचे, पिशवीत घालून ठेवायचे. जी बारा महिने हिरवी, तिच्यासाठी दिव्याची तयारी ठेवा. साधा पांढरा एलईडी चालतो, झाडापासून फूटभर वर, टायमर लावून बारा-चौदा तास. आणि रात्री पडदा ओढताना कुंडी पडद्याच्या आत खोलीकडे घ्या. काच आणि पडदा यांच्यामध्ये राहिली तर ती थंडीत उभी आहे.

मी स्वतः ठेवलंय ब्रह्मकमळ. एका मित्राकडचं पान कापून लावलेलं. याला पूर्ण झोप नको, पण विसावा हवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तळघरातल्या खिडकीत, दहा ते तेरा अंश, पाणी नावापुरतं. कुंडी लहानच ठेवतो, मुळं आवळलेली असली की कळ्या जास्त धरतात. जूनमध्ये इथं सूर्य नऊला मावळतो, त्यामुळे फूल उघडायला साडेदहा होतात. पानाच्या खाचेतून निघालेली कळी आधी खाली लोंबते, उमलायच्या दिवशी मान वर वळवते. शेजारचे पोलिश आजी-आजोबा खुर्च्या घेऊन येतात. आम्ही चहा करतो, ते केक आणतात आणि पाकळ्या हलताना दिसतात का यावर वाद घालत बसतो. दिसतात.

मडगाव

थंड मुलूख म्हटल्यावर सगळे परदेशात का पळतायत? माझी गोष्ट बेळगावची.

बाजारात मिळतं ते फॅलेनॉप्सिस ऑर्किड मडगावच्या फ्लॅटमध्ये ठेवलं होतं. पहिली फुलं झडली आणि नंतर नुसती पानं. खत बदललं, जागा बदलली, काही नाही. बहीण बेळगावला असते, नोव्हेंबरात तिच्याकडे नेऊन ठेवलं. तिच्या व्हरांड्यात रात्री पंधराच्या आसपास. जानेवारीत पानाच्या बगलेतून हिरवा दांडा! या ऑर्किडला दांडा काढायला काही आठवडे गार हवा लागते आणि आपल्या किनाऱ्यावर ती पुरेशी मिळतच नाही. उलट तिकडे नेलेलं हेलिकोनिया डिसेंबर-जानेवारीत रुसून बसलं, एक पान काढेना. ते मी परत मडगावला आणलं.

आता ऑर्किड हिवाळ्यात बेळगावला जातं आणि दांडा घेऊन परत येतं. एसटीत मांडीवर.

केरी, सत्तरी

ऑर्किडचा विषय निघालाच आहे तर. मे-जूनमध्ये आमच्याकडे आंब्या-फणसांवर सीतेची वेणी फुलते. ती सोलून पिशवीत घालून 'मुलाला पाठवायची आहे' म्हणणारे लोक मी पाहिलेत. रानातली ऑर्किडं साइटीस या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली येतात, परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत. चाफ्याच्या फांद्या, बियांच्या पुड्या यांनाही बहुतेक देशांत फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे झाडाला रोग-कीड नसल्याचा दाखला, लागतं. विमानतळावर काढून घेतात ते ठीकच, पण झाड इथंही मेलं आणि तिथंही. जे पाहिजे ते तिथल्या रोपवाटिकेत विकत घ्या. वर कळलावीवाल्या बाईंनी केलं ते योग्य.

कुडचडे, लेकीचं घर लंडनजवळ

अनंत. लेकीनं घेतला तेव्हा काळाभोर हिरवा, महिन्याभरात पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. मी तिकडे गेले तेव्हा तिची किटली पाहिली. तळाला पांढरा जाड थर. म्हटलं, हेच पाणी अनंताला घालतेस? तिकडच्या नळाच्या पाण्यात चुना फार आणि अनंताला आंबट माती लागते. आपल्या जांभ्याच्या मातीत त्याला काही करावं लागत नाही, म्हणून आपल्याला हे कळतही नाही. आता पन्हाळीखाली पिंप ठेवलंय, पावसाचंच पाणी. माती ॲझेलियासाठी मिळते ती.

कळ्या गळण्याचं वेगळं. दिवसा ऊब चालते, पण रात्री सोळा-सतराच्या आसपास लागतं. रात्रभर हीटर चालणाऱ्या खोलीत कळी टपकते. आणि कळ्या धरल्यावर कुंडी फिरवायचीसुद्धा नाही. जावईबापूंना खिडकी पुसायची हौस, त्यांना तेवढी एक खिडकी बंदी आहे.

वास्को

सगळं वाचलं. एक विचारू का? हीटमॅट, दिवे, टायमर, पावसाचं पिंप. तिकडच्या विजेचा दर माहीत आहे ना? तिथं डेलिया, पिओनी काय फुलतात! आपली फुलं सुट्टीत इथं येऊन पाहावीत. हौसच असेल तर लंडनच्या क्यू गार्डन या वनस्पती-उद्यानाच्या काचघरांत जावं. १९८७ साली उघडलेल्या त्यांच्या एका काचघरात दहा वेगवेगळी हवामानं एका छताखाली आहेत. फिलिपिन्सची जेड वेल, ती मोरपंखी रंगाची लोंबती फुलं, असल्या काचघरातच शोभते. तिला पंधराच्या वर ऊब लागते आणि चढायला मोठा मांडव. घरात आणून कुणाचं भलं होणार?

फोंडा

जेड वेलीबद्दल पटलं. विजेबद्दल अर्धवट पटलं, म्हणून तर झोपणारी झाडं निवडा हे डिचोलीकरांचं म्हणणं मला आवडलं. पण चवथीला डेलिया माटोळीत बांधायचा का, हे तुम्हीच तुमच्या आवयला विचारून पाहा.

म्हार्दोळ, सध्या म्युनिक

आमचं घर जायांच्या मळ्याला लागून. महालसेच्या देवळात जायांची पूजा असते तेव्हा सगळा गाव घमघमतो, त्यामुळे जर्मनीत आल्यावर पहिल्यांदा जाईच शोधली. सुपरमार्केटात जास्मिन म्हणून कड्यावर वळवलेली वेल मिळते, गुलाबी कळ्यांची, ती वेगळी जात. तिला कळ्या धरायला थंडीच लागते आणि ती हिवाळा संपता संपता एकदाच फुलते. जाई मागायची तर शास्त्रीय नाव सांगून, जास्मिनम ग्रँडिफ्लोरम.

हिवाळ्यात बिनहीटरच्या काचेच्या व्हरांड्यात, आठ-दहा अंशांवर. पानं थोडी झडतात, झडू द्यावीत. फेब्रुवारीअखेर बेधडक छाटणी, कारण फूल नव्या फुटीवर येतं. मेअखेर बाहेर काढते, पण पहिले काही दिवस सावलीत. थेट उन्हात ठेवली तर पानं भाजतात. जुलै ते सप्टेंबर रोज ओंजळभर नाही, पण वाटीभर नक्की. मोगऱ्याला मात्र हे चालत नाही. त्याला उबदार रात्री लागतात आणि त्या इथं जुलै-ऑगस्टमध्येच, त्याही नेमाच्या नाहीत.

साखळी

कळलावीचा एक प्रश्न. तोच कंद दर वर्षी वापरायचा की नवा विकत घ्यायचा?

फोंडा

भाचीला विचारलं. जुना कंद वेल वाढता वाढता आटून जातो आणि त्याच्या जागी नवा तयार होतो, वेलीला उन्हाळाभर ऊन मिळालं तर दोन. म्हणून फुलं संपली तरी वेल लगेच कापायची नाही, पानं आपणहून पिवळी होऊ द्यायची. कुंडी मार्चमध्येच उपसायची, आधी नको. आणि उपसताना हातमोजे.