आजोबांच्या दुनळीला कुठली काडतुसं घ्यावीत?

कुळागरवाला
मंडळी, आजोबांची पोर्तुगीज अमदानीतली १२ बोरची दुनळी रीतसर माझ्या लायसन्सवर चढलीय. घोडे बाहेरून, बनावट बेल्जियमची. गोव्यात सत्तरीत कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग आहे. रानडुकरं आणि माकडं काही शिल्लक ठेवत नाहीत. दुकानदार म्हणतो, ७० एमएमची न्या, आरामात बसतात. घेऊ?

बारा_नंबर
बसतात, हाच तर घोटाळा आहे, बाब! ७० एमएम ही उडाल्यावर उलगडलेल्या पुंगळीची लांबी. कोरं, तोंड दुमडलेलं काडतूस ६० च्या आसपास भरतं. ६५ च्या चेंबरात, म्हणजे नळीतल्या काडतूस बसण्याच्या जागेत, ते गुपचूप जातं, बंदूकही बंद होते. बार झाला की दुमड उलगडायला जागा नसते. नळी अरुंद होते तिथे ती अडते आणि छर्रे तिच्यातूनच रेटले जातात. दाब वाढतो तो तिथे. जुन्या बंदुकींची चेंबरं बरीचशी ६५ चीच, इंग्लिश असेल तर अडीच इंच. गनस्मिथकडून आधी मोजून घ्या. छर्रे बारीक चार नंबरचे की मोठे एसजी, ते मग बघू.

घाटमाथा
नळ्या उतरवून खालचे ठसेही बघा. लंबगोलातला 'ईएलजी' म्हणजे बेल्जियमच्या लियेज शहरात तपासणी झाली, एवढंच. सिंह आणि त्याखाली 'पीव्ही' असेल तरच बिनधुराच्या, म्हणजे आजच्या काडतुसांतल्या दारूची चाचणी झालेली; नसेल तर बंदूक जुन्या काळ्या दारूपुरतीच धरायची. नळीवर लाटालाटांची नक्षी असेल तर ती दमास्कस, लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून घडवलेली. आतून गंज कुठवर गेलाय, बाहेरून कळत नाही.
आणि पीक संरक्षणाचं लायसन्स म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, आधी वनखात्याला विचारा. माकडं हुसकायला गर्नाल, म्हणजे मोठ्या आवाजाचा फटाका पुरे.

कुळागरवाला
पाहिलं. ईएलजी आहे, पीव्ही कुठेच नाही. नक्षी आहे. खडकीच्या सरकारी कारखान्याची हलकी काडतुसं चालतील का?

बारा_नंबर
नाही. खडकीचा माल चांगला, पण दारू बिनधुराचीच. 'हलकं' म्हणजे छर्रे कमी, २८ ग्रॅम वगैरे. त्याने दारूची जात बदलत नाही. तुमची बंदूक काळ्या दारूची. ६५ ची मिळाली तरी घालू नका. राखणीला दुसरी बंदूक बघा, ही तेल लावून कुलपात ठेवा. बार काढला नाही तरी लायसन्सचं नूतनीकरण लागतंच, ती तारीख चुकवू नका.