एल्फांच्या हाती धनुष्य: अरण्यामुळे की आयुष्यामुळे?

बडोदेकर:
बडोद्यातील आमचा गट डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ खेळतो; त्यात प्रत्येक खेळाडू काल्पनिक जगातील एका पात्राची भूमिका करतो आणि एल्फ ही त्या जगातील दीर्घायुषी, माणसासारखी जमात आहे. मागच्या बैठकीत एका मैत्रिणीने आपल्या एल्फ योद्ध्यासाठी गदा मागितली, तेव्हा डंजन मास्टरने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, "एल्फ गदा चालवत नाहीत" असे सांगून ती नाकारली. कारण विचारल्यावर, ते अरण्यात राहतात आणि म्हणून धनुष्य वापरतात, एवढेच उत्तर मिळाले. हे उत्तर मला अपुरे वाटते.

माझ्या मते मूळ कारण त्यांचे आयुष्य आहे. 2014 च्या नियमपुस्तकानुसार एल्फ साधारण शंभराव्या वर्षी स्वतःला प्रौढ मानतो आणि 750 वर्षांपर्यंत जगू शकतो. युद्धकलेचा इतिहास पाहिला, तर लाँगबो, म्हणजे लांब धनुष्य, हे शिकायला वेळखाऊ शस्त्र होते. इंग्लंडमध्ये 1363 साली राजाज्ञा काढून पुरुषांना सुटीच्या दिवशी तिरंदाजीचा सराव सक्तीचा करावा लागला. 1545 साली बुडालेल्या 'मेरी रोझ' या जहाजावर सापडलेल्या काही सांगाड्यांच्या खांद्यांच्या हाडांतील बदल अशाच दीर्घ सरावाचे मानले जातात. बंदूक मात्र थोड्या काळात शिकवता येते, म्हणून माणसांच्या सैन्यांनी धनुष्य सोडले. ज्यांच्यापाशी वेळ अमाप आहे आणि ज्यांचा एकेक जीव शेकडो वर्षांची गुंतवणूक आहे, त्यांनी दुरून मारा करणारे आणि कौशल्याला फळ देणारे शस्त्र निवडणे स्वाभाविक आहे.

वनचर:
आपला युक्तिवाद आकर्षक असला, तरी तो अरण्याला फार लवकर बाजूला सारतो. छोटा उदेपूर आपल्यापासून दूर नाही. त्या पट्ट्यातील भिल्लांचे पारंपरिक धनुष्य बांबूचे असते आणि त्याची दोरीसुद्धा बांबूच्या चिवट पट्टीची करतात. लोखंड लागते ते केवळ बाणाच्या टोकाला. हाताशी असलेल्या वस्तूंतून, स्वतः दुरुस्त करता येईल असे शस्त्र घडवणे, ही अरण्यसंस्कृतीची खरी खूण आहे आणि त्यासाठी साडेसातशे वर्षे जगावे लागत नाही.

उलट, नियमांतला लाँगबो मला अरण्यात बसवता येत नाही. त्याचा सामान्य पल्ला 150 फूट आणि कमाल पल्ला 600 फूट दिला आहे. दाट झाडीत दृष्टीच तेवढी पोहोचत नाही. 1415 साली आजँकूर येथे इंग्रज तिरंदाजांनी फ्रेंचांना रोखले, ते नांगरलेल्या मोकळ्या शेतात. वनवासी एल्फांच्या हाती शॉर्टबो (आखूड धनुष्य) आणि भाला शोभतील, कारण भाल्याला लोखंड थोडे लागते आणि तो शिकारीत व लढाईत सारखाच उपयोगी पडतो.

शिलेदार:
आपण दोघेही नियमांना संस्कृतीचा पुरावा मानत आहात. 1978 च्या खेळाडूंच्या पुस्तकात एल्फांना धनुष्य, आखूड तलवार आणि लांब तलवार यांवर एक गुणाची बढत दिली होती, त्यात आडवे धनुष्य (क्रॉसबो) वगळले होते. पुढच्या आवृत्त्यांनी ती यादी थोड्याफार फरकाने वारशासारखी पुढे नेली. 2014 च्या नियमांत एल्फांना चपळाईची वाढ मिळते आणि प्रशिक्षण मात्र बळावर चालणाऱ्या लांब तलवारीचे मिळते, ही विसंगती त्या वारशाचीच साक्ष आहे. 2024 च्या आवृत्तीने तर एल्फांचे शस्त्रप्रशिक्षण काढून टाकले. शस्त्र आता पात्राच्या वर्गाशी, म्हणजे त्याच्या पेशाशी, जोडलेले आहे, जन्माशी नाही. हा बदल मला मनापासून योग्य वाटतो आणि आपल्या मैत्रिणीला गदा मिळायलाच हवी होती.

शिवाय समाज शस्त्रे उसनीही घेतो. मराठ्यांच्या फिरंग तलवारीचे पाते युरोपातून येत असे, त्यावरून सह्याद्रीच्या मातीविषयी काहीही सिद्ध होत नाही.

बडोदेकर:
गदेविषयी मी आपल्याशी सहमत आहे. परंतु जन्माने शस्त्र ठरत नाही, एवढ्याने संस्कृतीने ते ठरत नाही असे होत नाही. नियमपुस्तकाने जागा मोकळी केली, म्हणूनच कारणे शोधण्याची जबाबदारी आता आपल्यावर, खेळणाऱ्यांवर आली आहे.

येथे आखाड्याचा विचार करावासा वाटतो. आपल्या शहरात जुम्मादादा व्यायाम मंदिर आणि प्रा. माणिकराव यांची परंपरा आहे. अशा परंपरेत वस्ताद जातो, शिष्य वस्ताद होतो, आणि प्रत्येक पिढीत एखादा डाव गळतो, तर एखादा नवा शिरतो. एल्फांमध्ये वस्ताद जातच नाही. ज्याने तुमच्या पणजीला बाण सोडायला शिकवले, तोच तुमच्यासमोर उभा राहून तुमचा कोपर सरळ करतो, आणि त्याच्या देखत नवे यंत्र हाती घेणे म्हणजे त्याच्या कित्येक शतकांच्या साधनेला नाकारणे होय. धनुष्य आणि तलवार टिकतात, आडवे धनुष्य आत येत नाही, याचे सर्वांत पटणारे कारण मला हेच वाटते. वनचर यांनी सुचवलेला भाला मला मान्य आहे. पण त्यांच्या अरण्यातून हा नवतेचा नकार समजत नाही.

वनचर:
मग ड्राउंचे काय? भूगर्भात राहणारे हे एल्फ तितकेच दीर्घायुषी आहेत आणि त्यांचेही वस्ताद शतकानुशतके जिवंत असतात. तरीही 2014 च्या नियमांत त्यांच्या प्रशिक्षणात रेपियर (भोसकण्याची बारीक तलवार), आखूड तलवार आणि हातात मावणारे आडवे धनुष्य आहे. बोगद्यात लाँगबो पूर्ण ताणायला जागा नसते. आयुष्य तेच राहिले आणि निवारा बदलला, तर शस्त्र बदलले. माझ्या म्हणण्याला याहून स्वच्छ उदाहरण मिळणार नाही.

बडोदेकर:
ड्राउंमध्ये केवळ निवारा बदललेला नाही. त्यांची घराणी एकमेकांवर सतत टपलेली असतात, विषप्रयोग आणि घात ही तिथली नित्याची रीत आहे. म्हणजे आयुष्य लांब असले, तरी ते पुरे जगायला मिळेल याची शाश्वती नाही. ज्याला उद्याचा भरवसा नाही, तो शंभर वर्षांचा सराव मागणारे शस्त्र निवडत नाही, अंगरख्याखाली लपणारे आणि विषारी बाण सोडणारे निवडतो.

वनचर:
असे असेल, तर आपण आयुष्याचा मुद्दा स्वतःच सोडलात, कारण आता शस्त्र ठरवते आहे ती समाजाची घडण. तीच कसोटी भूपृष्ठावरील एल्फांनाही लावावी, असा माझा आग्रह आहे. पुढील बैठकीत डंजन मास्टरला एवढेच विचारावे, की त्याच्या जगातील एल्फांमध्ये शिकार कोण करतो, सीमेवर पहारा कोणाचा असतो आणि लोखंड कोणाच्या ताब्यात आहे. यांची उत्तरे मिळाली, की कोणत्या एल्फाने भाला घ्यावा, कोणी धनुष्य घ्यावे आणि तलवार कोणाला परवडते, हे त्या टेबलापुरते ठरवता येईल.