मुलाला नकार न देण्याचे परिणाम: वयाची अवस्था की स्वभावाची घडण?

प्रश्न: अबोली

आमचा मुलगा सात वर्षांचा असून दुसरीत शिकतो. माझे पती वडिलांच्या धाकात वाढले, त्यामुळे आपल्या मुलावर कधीही हात उगारायचा नाही आणि त्याचे मन मोडायचे नाही, असे त्यांनी तो जन्मण्यापूर्वीच ठरवले होते. हात न उगारण्याबद्दल आमचे पूर्ण एकमत आहे. मात्र झोपण्याची वेळ, जेवतानाचा मोबाइल, दुकानात दिसलेले खेळणे, यांपैकी कशालाही नकार मिळाला की तो भोकाड पसरतो आणि थोड्याच वेळात पती किंवा सासूबाई माघार घेतात. आता वर्गशिक्षिकांची तक्रार आली आहे की आउट झाल्यावर तो बॅट सोडत नाही आणि हवी ती वस्तू इतरांच्या हातून ओढून घेतो. ‘मोठा झाला की समज येईल’ असे घरात सर्वांचे मत आहे. ते खरे मानावे का?

प्रतिसाद १: दीपस्तंभ

मी शालेय समुपदेशक आहे. अमेरिकेतील बर्कली येथील मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी 1960 च्या दशकात बालवाडीच्या वयाच्या मुलांचे निरीक्षण करून पालकत्वाचे तीन प्रकार मांडले: हुकूमशाही, अधिकारयुक्त पण समजूतदार, आणि सर्व काही चालवून घेणारे. पुढे 1983 मध्ये मॅकोबी आणि मार्टिन यांनी या मांडणीत माया आणि अपेक्षा अशा दोन स्वतंत्र मोजपट्ट्या आणल्या, त्यामुळे लाड करणारे पालक आणि दुर्लक्ष करणारे पालक वेगळे ओळखता येऊ लागले. आपले पती लाड करणाऱ्या पालकांच्या गटातले आहेत. मायेच्या मोजपट्टीवर ते कोठेही उणे नाहीत, आणि हे त्यांना आवर्जून सांगावे, कारण अशा पालकांना ‘तुम्ही लाडावून ठेवलेत’ असे म्हटले की ते आपल्या मायेवरच आरोप झाल्याचे समजतात.

माझ्या मते खरी अडचण माघारीच्या क्षणात आहे. ऑरेगॉन राज्यातील जेराल्ड पॅटरसन यांनी आक्रमक मुलांच्या घरांतील संवादाचे बारकाईने निरीक्षण करून दाखवले की मूल रडते, पालक नमते घेतो, मूल शांत होते, या साखळीत दोघांनाही बक्षीस मिळते: मुलाला वस्तू आणि पालकाला शांतता. म्हणून दोघेही तेच पुन्हा करतात. शिवाय कधी माघार घेतली आणि कधी घेतली नाही, तर हट्ट अधिकच चिवट होतो, कारण ‘आज आणखी थोडे रडलो तर मिळेलही’ ही आशा सुटत नाही. शाळेत बॅट न सोडणारा मुलगा घरी यशस्वी ठरलेला उपायच तेथे वापरून पाहत आहे. त्यामुळे समज आपोआप येईल यावर मी विसंबणार नाही. तरीही सात वर्षांच्या मुलाचा स्वभाव कायमचा ठरला असे म्हणणेही चूक होईल.

प्रतिसाद २: तिरकस

वरील मांडणी मान्य असली, तरी ती सर्वत्र सारखी लागू होत नाही. विस्कॉन्सिन आणि कॅलिफोर्नियातील सुमारे 4,100 किशोरवयीनांचा एक अभ्यास 1991 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात लाडात वाढलेल्या मुलांचा आत्मविश्वास चांगला आढळला. मात्र शाळेतील गैरवर्तन आणि व्यसनांचे प्रमाण त्यांच्यात अधिक होते व अभ्यासातील गोडी कमी होती. स्पेनमध्ये गार्सिया आणि ग्रासिया यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तर मायाळू, सैल पालकांची मुले कोठेही मागे नव्हती. तेव्हा सैलपणा म्हणजे बिघाड, हे समीकरण तपासून घ्यावे. आणखी एक गोष्ट: मूळचेच तापट मूल पालकांना थकवते आणि थकलेले पालक सैल होतात, म्हणजे कार्यकारणभाव उलटही असू शकतो. आपल्याकडे मात्र दोष देण्यासाठी बहुधा आईच शोधली जाते.

प्रतिसाद ३: ओसरी

मी दोन नातवंडांचा आजोबा आहे. सासूबाईंना खलनायिका ठरवू नका, कारण दिवसभर मूल त्यांच्याजवळ असेल, तर रडणे ऐकण्याची शिक्षाही त्यांनाच भोगावी लागते. आमच्या घरी सुनेने मला नियमांची यादी दिली तेव्हा मी ती गुंडाळून ठेवली. पण ‘बाबा, जेवताना टीव्ही बंद, एवढे एकच तुमच्याकडे सोपवते’ असे म्हणाली तेव्हा ते मी कटाक्षाने पाळले. बाकी गोष्ट सांगणे, चिक्कीचा एखादा तुकडा देणे हा आमचा हक्क आहे, त्यावर गदा आणू नये.

अबोली

सर्वांचे आभार. एकच नियम निवडायचा, तर कोणता? आणि त्या वेळी रडणे वाढले तर काय करावे?

दीपस्तंभ

जेवतानाचा मोबाइल निवडा, कारण तेव्हा घरातील मोठी माणसे बहुधा एकत्र असतात आणि नियम त्यांनाही पाळता येतो. तो शांत असताना त्याला नियम सांगा; दुकानातील खेळण्यांचा वाद सध्या काढू नका. पहिले काही दिवस रडणे वाढू शकते, कारण जुना उपाय चालत नाही असे दिसल्यावर मूल कधी कधी तोच अधिक जोराने करून पाहते, आणि नेमके तेव्हाच बहुतेक घरे माघार घेतात. त्याच्याजवळ बसा, ‘तुला राग आला आहे, मला कळते’ एवढे म्हणा, समजुतीचे भाषण टाळा. त्याने स्वतःला किंवा इतरांना इजा करण्यास सुरुवात केली, किंवा शाळेतील तक्रारी तशाच राहिल्या, तर बालमानसतज्ज्ञांना प्रत्यक्ष भेटावे. आणि पतींना या जागी स्वतः बसू द्या. वडील ओरडल्याशिवायही ठाम राहू शकतात, हे त्यांनी लहानपणी कधी पाहिलेले नसावे.