पॅन्झर ४ चे पितळी पार्ट्स टिकूनच नाही राहिले, काय चुकून राहिलं?

पस्तीसचा_पोट्टा

भाऊ लोकहो, आणि ताई कोणी असतील तर त्यासुद्धा, जरा मार्गदर्शन करा, पार वैतागलो आहे.

१/३५ मापाचा पॅन्झर ४ औसफ एच, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन रणगाड्याचं मॉडेल, बनवून राहिलो. आतापर्यंत साधे किट बनवले, सगळं प्लास्टिक, काही त्रास नाही. ह्यावेळी पहिल्यांदाच फोटो-एचचा सेट घेतला, पीई म्हणतात ना तो, पितळेच्या पातळ पत्र्यात कोरलेले बारके पार्ट्स. बाजूचे शुर्त्सन (रणगाड्याच्या बाजूला टांगायचे पत्रे), त्यांचे ब्रॅकेट, कुदळ-फावडं अडकवायचे टूल क्लॅम्प, असं सगळं. फ्रेट, म्हणजे सगळे पार्ट्स जोडलेला तो पत्रा, हातात घेतली तेव्हा लय भारी वाटलं, आणि आता असं वाटतं की कायले हे घेऊन बसलो.

तर झालं असं, पहिला क्लॅम्प फ्रेटमधून कापला तो कट झाल्या झाल्या टण्णकन उडाला आणि गेला. कुठे गेला देव जाणे. दुसरा वाकवताना वाकवायच्या रेघेवर तुटला, म्हणजे एकदा उलटा वाकला होता म्हणून सरळ केला आणि परत वाकवला तर दोन तुकडे हातात. ब्रॅकेट कसेबसे लावले फेवीक्विकने, रात्री नीट होते, सकाळी बोट लागलं तर चारपैकी तीन पडले. आणि जे चिकटलेत त्यांच्या भोवती पांढरं पांढरं आलंय, भुरी लागल्यासारखं. प्लास्टिकवर पण आलं आहे ते.

टेबल खिडकीला लागून आहे, कुलरच्या समोरच, कारण सध्या नागपुरात दुसरीकडे बसणं शक्यच नाही, ४५ च्या वर चाललंय. कटिंग मॅट हिरवी साधी, ब्लेड नवं होतं.

ग्लू बदलू का? की सोल्डरिंग शिकू? की हा नाद सोडून देऊ?

पितळी_भाऊ

तू स्वतःच लिहिलं आहे बघ उत्तर, "कुलरच्या समोरच". अर्धा घोटाळा तिथेच आहे.

सुपरग्लू सुकत नाही, तो हवेतली ओल घेऊन घट्ट होतो. आता मे महिन्यात आपल्याकडे दुपारी कुलर बंद असला तर हवा ठणठणीत कोरडी, ग्लू पकडायला वेळ लावतो, आपल्याला वाटतं कमी पडला म्हणून अजून एक थेंब टाकतो. मग घामाने जीव नकोसा होतो, कुलर लावतो, ताट्यांतून ओली हवा थेट टेबलवर. तो जो जास्तीचा ग्लू आहे त्याची वाफ निघते, ओल भेटली की आजूबाजूला बसून पांढरी होते. हीच तुझी भुरी. उपाय काही फार नाही, ग्लू दहापट कमी कर आणि कुलरचं तोंड भिंतीकडे कर. पावसाळ्यात पण हेच होते, फक्त तेव्हा ग्लू इतका पटकन पकडतो की पार्ट सरळ करायला वेळ भेटत नाही. जे पांढरं आलंय ते बोटाने हलकं पुसून पाहा, नाही गेलं तर प्रायमर मारल्यावर दिसणार नाही. पण नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात नको! त्यात एसीटोन असते, ते ग्लू तर काढतेच आणि त्याखालचं तुझं प्लास्टिक पण विरघळवते. माझ्या एका शर्मन रणगाड्याच्या फेंडरचा मेणासारखा गोळा झाला होता, अजून ठेवला आहे कपाटात.

थेंब कधी ट्यूबमधून थेट नाही टाकायचा. फॉइलच्या तुकड्यावर एक थेंब काढ. घरातली शिवणाची सुई घे, तिच्या नाकाचं टोक घासून उघडं कर म्हणजे दोन बारीक दात तयार होतात, नाकाकडची बाजू वर ठेवून सुई पेन्सिलीच्या मागे खोच. त्या दातांत मोहरीच्या चौथ्या हिश्श्याएवढा ग्लू बसतो. पार्ट आधी कोरडाच जागेवर ठेवायचा, आणि सुई फक्त कडेला टेकवायची, पातळ ग्लू असेल तर आपणहून फटीत शिरतो.

सकाळी पडले त्याचं कारण वेगळं आहे. पितळ गुळगुळीत, त्यावर आपल्या हाताचं तेल. फ्रेट आधी साबणाच्या पाण्याने ब्रशने धू, जी बाजू चिकटवायची ती ६०० च्या सॅंडपेपरवर दोनदा घास. आणि हे लक्षात ठेव की हा ग्लू ओढायला दमदार आहे पण बाजूने धक्का लागला तर काचेसारखा तडकतो. त्यामुळे ब्रॅकेट नुसतं टोकावर उभं नाही चिकटवायचं, मिलिमीटरभर पाय वाकवून घ्यायचा, तेवढी बसायला जागा मिळते. मोठ्या पानांना, म्हणजे शुर्त्सनला, मी तर सावकाश घट्ट होणारं इपॉक्सी लावतो, सरळ करायला दहा मिनिटं भेटतात.

मॅटवर कापू नकोस. मॅट दबते, पार्ट वाकतो. काचेचा नाहीतर टाइलचा तुकडा घे, गोल धारेचं ब्लेड, आणि ओढायचं नाही, वरून दाबायचं. कापायच्या आधी पार्टवर टेप चिकटव. मग कोणी उडत नाही.

धरमपेठी_आळशी

हरवलेला क्लॅम्प लोहचुंबक फिरवून शोध, लगेच भेटेल.

पितळी_भाऊ

पितळेला चुंबक लागतो का बे.

धरमपेठी_आळशी

😂😂 बरोबर आहे, झोपेत लिहिलं. टॉर्च जमिनीवर आडवा ठेवून पाहा, सावली लांब पडते, बारकं पण दिसते. हे खरं सांगून राहिलो, हे मी केलं आहे.

इतवारी_डाख

आमच्या घरी तीन पिढ्या दागिन्यांचंच काम, मॉडेलिंग मी लॉकडाऊनमध्ये सुरू केलं. पार्ट उडण्याबद्दल सांगतो. सोनाराच्या पाटाखाली चामडं नाहीतर कापड ताणलेलं असते मांडीवर, कानसेचा कीस पण वाया जाऊ नये म्हणून. आमच्या ओळीत तर झारेकरी लोकं रस्त्यावरची माती घेऊन जायचे धुवायला, तेवढं सोनं धुळीत जाते. तर भाऊ तू जुना टॉवेल घे, एक टोक टेबलच्या कडेला टेपने लाव, दुसरं बनियानमध्ये खोच. जे पडते ते मांडीत पडते. आणि फरशीवर पांढरी चादर. दिसायला विचित्र आहे, आई बोलेल, पण काम होते.

आता तुटण्याबद्दल. पितळ एकदा वाकवलं की तिथे ते कडक होते, परत उलटं केलं की अजून कडक, तिसऱ्यांदा तडा. म्हणून आधी डोक्यात वाकवायचं, मग हाताने. रेघ जी अर्धी कोरलेली असते ती जवळजवळ नेहमी वळणाच्या आतल्या बाजूला येते. दोन स्टीलच्या पट्ट्या घे, एक रेघेला लावून दाबून धर, दुसरी खालून सरकवून एका दमात उचल. चिमट्याने थोडं थोडं उचललं की पान केळीच्या पानासारखं पिळते.

गोल पार्ट असेल, लाइटचं कव्हर, बादलीसारखं काही, तर आधी तापवून नरम करून घे. गॅसच्या निळ्या ज्योतीत फक्त क्षणभर, रंग बदलला की बाहेर, स्वतःहून थंड होऊ दे. ०.१५ मिमीचा पत्रा आहे, एक सेकंद जास्त झाला तर जळेल. नरम झाल्यावर माउसपॅडवर ठेवून ड्रिल बिटच्या दांड्याने रोल कर. पण सपाट पार्ट तापवू नको, नरम झालेला पार्ट नुसत्या नजरेने वाकते म्हण.

सोल्डरिंगबद्दल लोक तुला सांगतील की सोनाराकडून टाकणखार आण. नको. आम्ही टाकणखार चांदीच्या डाखाला वापरतो, त्याला वितळायलाच सातशेच्या वर गरमी लागते, तोपर्यंत तुझ्या क्लॅम्पचं काय होईल विचार कर. साध्या कथलाच्या डाखाला राळ नाहीतर लिक्विड फ्लक्स, जो सीताबर्डीवर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात भेटते.

पस्तीसचा_पोट्टा

बनियानमध्ये टॉवेल खोचून बसलो आहे आत्ता. आई बोलली.

एक विचारायचं होतं, एवढं सगळं करण्यापेक्षा किटमधले प्लास्टिकचे शुर्त्सनच लावले तर काय बिघडते?

पितळी_भाऊ

हिशोब कर ना. खऱ्या गाडीवर बाजूचे शुर्त्सन साधारण ५ मिमीचे होते, ३५ ने भागलं की ०.१४ मिमी. प्लास्टिक साच्यातून इतकं पातळ निघत नाही, किटमधलं पान ०.८ च्या आसपास असते, म्हणजे खऱ्या मापात २८ मिमी. आणि पॅन्झर ४ एचच्या हलची, म्हणजे खालच्या धडाची, बाजूच मुळात ३० मिमी! म्हणजे टांगलेला पडदा भिंतीएवढा जाड. १९४३ मध्ये हे लावायला घेतले ते सोव्हिएत अँटी-टँक रायफलीची गोळी अडवायला, पातळ पत्राच होता तो, तारेवरच्या कपड्यासारखा आकड्यांवर टांगलेला. कडा जाड दिसली की सगळी मजा गेली.

सोल्डर_करते_ती

मी इंजिनिअरिंगला आहे, कॉलेजच्या लॅबमध्ये सोल्डरिंग शिकले आणि तेच घरी पीईला वापरते, म्हणून दोन गोष्टी.

एक म्हणजे सोल्डर फक्त पितळेला पितळ. पितळ प्लास्टिकला चिकटवायला ग्लूच लागणार, आणि सोल्डरिंग मॉडेलवर तर करायचंच नाही, साठ-चाळीसचा (कथील-शिशाचा) डाख १९० अंशाच्या आसपास वितळतो, आणि किटचं प्लास्टिक शंभरलाच नरम पडायला लागते. आधी टाइलवर रेल, ब्रॅकेट, पान सगळं जोडून एक तयार तुकडा करायचा आणि मग तो लावायचा.

दुसरं, लोक डाखाची तार इस्त्रीसारखी टेकवून धरतात आणि पार्टवर गोळा बसतो. तसं नाही. सांध्याला ब्रशने फ्लक्स लावा, तारेचा ब्लेडने कापलेला अगदी बारीक तुकडा (अक्षरशः साखरेच्या दाण्याचा अर्धा) सांध्याशेजारी ठेवा, आणि २५ वॅटच्या आयर्नचं साफ टोक दुसऱ्या बाजूने टेकवा. फ्लक्स चुरचुरतो, एक सेकंद काही होत नाही, आणि मग तो दाणा एकदम चमकून फटीत ओढला जातो. तो क्षण दिसला की लगेच आयर्न उचलायचा. पार्ट हलू नये म्हणून लाकडी काडीने दाबून धरा, स्टीलच्या चिमट्याने धरला तर सगळी गरमी चिमटाच पिऊन घेतो. मी पहिले दोन महिने हेच चुकत होते आणि आयर्नला शिव्या देत होते.

नंतर गरम पाणी आणि जुन्या टूथब्रशने धुवा नाहीतर फ्लक्स राहून काही महिन्यांनी रंगाखालून हिरवं येते. पंखा चालू ठेवा, धूर नाकात घेऊ नका, आणि डाखात शिसं असते म्हणून हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका. तर्री-पोह्याची प्लेट टेबलवर ठेवून सोल्डरिंग करणारा माझा भाऊ आहे, त्याच्यासाठी लिहिलं हे.

धरमपेठी_आळशी

सगळे शहाणे बोलले, आता आळशी माणसाचं ऐक. सेटमध्ये आहे म्हणून प्रत्येक पार्ट लावायचाच असं कोणी लिहून दिलं नाही. शुर्त्सन लाव, इंजिनच्या जाळ्या असतील तर लाव, कारण ते प्लास्टिकमध्ये कधीच बरोबर दिसत नाही. पण एकेका क्लॅम्पचे चार-चार तुकडे, त्यात मूठ वेगळी, तो जो भाग शुर्त्सनच्या मागे लपणार आहे तिथे कायले डोळे फोडतो? समोरच्या फेंडरवरचे दोन-तीन नीट कर, बाकी प्लास्टिकचे राहू दे.

आणि एखादं पान वाकडं झालं, हरवलं, तर रडू नको. जुने फोटो पाहा, लढाईत गेलेल्या गाड्यांचे एक-दोन पानं बऱ्याचदा गायब दिसतात, झाडाला घासून, भिंतीला लागून. रिकामा आकडा तेवढा नीट दाखव. माझ्या सेंच्युरियन रणगाड्याला पण डाव्या बाजूचं एक पान नाही, कोणी विचारलं तर मी म्हणतो १९६५ च्या असल उत्तरच्या लढाईत पडलं. खरं तर कुत्र्याने खाल्लं.

पस्तीसचा_पोट्टा

अपडेट. सगळ्यांचे आभार, खरंच.

कुलर फिरवला, आता मी घामाने आणि मॉडेल कोरडं. पहाटे पाच ते सात बसतो, तेव्हा बरं असते. सुईचा फॉर्म्युला एकदम जमला, पांढरं येणंच बंद झालं. डाव्या बाजूची रेल आणि पाच ब्रॅकेट ताईंनी सांगितलं तसं सोल्डर केले, पहिल्या दोनला गोळे बसले, तिसऱ्याला तो चमकून आत जाणारा दाणा दिसला आणि मी एकटाच ओरडलो, घरचे उठले. उजव्या बाजूला शेवटचं पान लावणार नाही, आकडा रिकामा ठेवतो.

आणि तो पहिला क्लॅम्प सापडला! झाडताना आईला फरशीवर सोनेरी काहीतरी चमकताना दिसलं, तिला वाटलं तिच्या कानातल्याची फिरकी, उचलून टिकल्यांच्या डबीत ठेवला होता आठवडाभर. आज कानातलं घालताना बसेना म्हणून मला म्हणे, ही कोणती रे फिरकी.

इतवारी_डाख

तिच्या खऱ्या फिरक्या मोजून घे म्हणा, एखादी रणगाड्यावर चिकटवली असशील.